कोल्ड स्टोरेज भरलं की सेन्सर मुके का होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सहा चेंबर आहेत आणि प्रत्येकात चार, असे एकूण २४ वायरलेस तापमान-सेन्सर बसवलेत. ते २.४ गिगाहर्ट्झचे आहेत, डबीवर 'रेंज १०० मीटर' छापलंय. गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरचा डेटा गोळा करणारी डबी, ऑफिसात आहे आणि सगळ्यात लांबचा सेन्सर तिथून जेमतेम ३० मीटरवर. डिसेंबरात रिकाम्या चेंबरमध्ये चाचणी घेतली तेव्हा सगळे व्यवस्थित बोलत होते. फेब्रुवारीत माल लागला आणि निम्मे सेन्सर तासन्‌तास गप्प बसू लागले. तरी सॉफ्टवेअरमध्ये आरएसएसआयची, म्हणजे पोहोचलेल्या सिग्नलच्या ताकदीची, सरासरी उणे ७८ दिसते, म्हणजे सिग्नल ठीकच आहे. विकणारा म्हणतो, दहापट पॉवरचं मॉडेल घ्या. घ्यावं का?

नका घेऊ. निदान इतक्यात तरी नको. आधी एक सांगा, डिसेंबरात चाचणी घेतली तेव्हा चेंबरची दारं उघडी होती की बंद?

हे विचारायचं कारण माझ्या स्वतःच्या फजितीत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका पॅकहाउसमध्ये मी असेच सेन्सर बसवले होते. माल भरल्यावर ग्राफ यायचा, पण तुटक तुटक. मालक म्हणाले, "डेटा थोडा कमी येतोय, पण येतोय ना, चालेल." ग्राफमध्ये चेंबर सतत थोडा गरम दिसायचा, म्हणून ऑपरेटरने सेटिंग खाली आणलं. दोन दिवसांनी पुन्हा खाली आणलं. मग एका रात्री तीन वाजता फोन आला, मागच्या बाजूच्या पेट्यांमधले मणी गोठायला लागलेत. झालं होतं असं, की दार बंद असलं की सेन्सरचं एकही पॅकेट, म्हणजे एका दमात पाठवलेला डेटा, बाहेर येत नव्हतं. कामगार दार उघडून आत शिरले की सिग्नल बाहेर यायचा, आणि त्याच वेळी बाहेरची गरम हवाही आत शिरायची. म्हणजे आमच्या ग्राफवर फक्त उघड्या दाराचं तापमान उमटत होतं. खोली खरोखर किती थंड आहे ते आम्हाला दिसतच नव्हतं. सेन्सर अचूक होता, कॅलिब्रेशनचा कागदही फाइलला होता, तरी माल खराब झाला.

म्हणून पॉवरचा विचार बाजूला ठेवून सिग्नल कुठून कसा येतो ते आधी बघू.

डबीवरची रेंज खोटी नसते. ती गाडीच्या जाहिरातीतल्या ॲव्हरेजसारखी असते. मोकळ्या मैदानात, समोरासमोर, दोन्ही अँटेना उंच धरून मोजलेली. हिशोब करून बघा. मोकळ्या जागेत २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पहिल्या एका मीटरमध्येच सुमारे ४० डेसिबल उतरतो (दर १० डेसिबलला ताकद दहापट कमी). पुढे अंतर दहापट झालं की आणखी २०. म्हणजे १० मीटरवर ६० आणि १०० मीटरवर ८०. तुमचा सेन्सर ० डीबीएमने म्हणजे एक मिलिवॉटने बोलतो असं धरलं, तर १०० मीटरवर उणे ८० डीबीएम पोहोचतात. या जातीच्या रिसीव्हरना साधारण उणे ९५ पर्यंत ऐकू येतं. हाताशी १५ डेसिबल उरतात, म्हणजे १०० मीटर कागदावर बरोबर. तुमच्या ३० मीटरला उणे ७० यायला हवेत आणि २५ डेसिबल शिल्लक हवेत. रेडिओत २५ डेसिबल म्हणजे तीनशेपटीहून जास्त. इतकी शिल्लक कुठे जाते? माझ्या मते तीन ठिकाणी जाते, आणि त्यातल्या पहिल्या दोन ठिकाणी पॉवर वाढवून फारसं काही हाती लागत नाही.

पहिलं ठिकाण म्हणजे पॅनल. कोल्ड रूमच्या भिंती पफ पॅनलच्या असतात, मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा रंगवलेला पत्रा. फोमचा रेडिओला काही त्रास नाही. पत्र्यातून मात्र २.४ गिगाहर्ट्झ अजिबात जात नाही. ही लहर लोखंडात काही मायक्रॉन शिरते आणि तिथेच संपते. पत्रा अर्धा मिलिमीटर असो की पाच, तिला सारखाच. चार भिंती, छत, पत्र्याचंच दार, म्हणजे चेंबर हा एक बंद पत्र्याचा डबा झाला. तुमच्या ऑफिसची विटांची भिंत ढोबळमानाने पाच-सहा डेसिबल खाते, आरसीसीची दहा-पंधरा. त्या भिंतींशी भांडता येतं. पत्र्याशी भांडण्यात अर्थ नाही.

मग दार बंद असतानाही अधूनमधून पॅकेट बाहेर येतं ते कसं? दाराच्या रबरी गॅस्केटमधून. रबर रेडिओला काचेसारखं. इथे एक गंमत आहे. फट किती रुंद आहे यापेक्षा ती किती लांब आहे याला जास्त महत्त्व असतं. फटीची लांबी अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त असली की ती अँटेनासारखी वागते. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे सहा-सात सेंटिमीटर लांब चिरही पुरे. दाराच्या चौकटीभोवतीची फट तर काही मीटर लांब असते. उलट भिंतीत पाडलेलं दोन सेंटिमीटरचं गोल भोक जवळजवळ काहीच सोडत नाही. त्याच भोकातून एखादी वायर बाहेर काढलेली असेल, तर तीच वायर आतला सिग्नल उचलून बाहेर आणते. म्हणून काही साइटवर नेमका इव्हॅपोरेटरच्या (आत थंड हवा सोडणाऱ्या पंखेवाल्या युनिटच्या) केबलजवळचा सेन्सर चांगला चालतो आणि सगळे चक्रावतात. गॅस्केट नवीन बसवल्यावर सेन्सर बंद पडल्याची तक्रारही मी ऐकली आहे. रेफ्रिजरेशनवाल्याने काम चोख केलं होतं, बिचाऱ्याला शिव्या बसल्या.

दुसरं ठिकाण म्हणजे तुमचा माल. द्राक्षात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. एका पॅलेटवर पाच किलोच्या शंभर पेट्या धरा, अर्धा टन द्राक्षं झाली, त्यात ४०० लिटर पाणी. घराच्या छतावर ठेवतो ती ५०० लिटरची काळी टाकी जवळजवळ भरली. चेंबरमध्ये वीस पॅलेट असतील तर तुम्ही वीस टाक्या ओळीने लावल्यात आणि त्यांच्या मागे सेन्सर ठेवून तो बोलेल अशी आशा धरलीत.

पाणी २.४ गिगाहर्ट्झ शोषतं हे सगळ्यांना मायक्रोवेव्हमुळे ठाऊक असतं. मायक्रोवेव्ह २.४५ वर चालतो, म्हणून ही पाण्याची 'खास' फ्रिक्वेन्सी, असा एक समज आहे. तसं काही नाही. पाण्याचं शोषण सगळ्यात जास्त होतं ते याच्या कितीतरी वर, २० गिगाहर्ट्झच्या आसपास. २.४ वर तुलनेने कमी होतं, म्हणून तर लहर बटाट्याच्या आत थोडी शिरते. तरीही खोलीच्या तापमानाच्या पाण्यात दोन सेंटिमीटरच्या आतच तिची निम्म्याहून जास्त ताकद संपते. आणि तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे: पाणी थंड झालं की २.४ वर ते आणखी जास्त शोषतं. शून्य अंशाजवळचं पाणी खोलीच्या तापमानापेक्षा साधारण दुप्पट हावरट. द्राक्षं तुम्ही शून्य-एक अंशावर ठेवता. रेडिओच्या दृष्टीने याहून वाईट तापमान नाही.

आणि तेच पाणी गोठलं की खेळ उलटतो. बर्फ या लहरीला जवळजवळ अडवत नाही. उणे १८ वर ठेवलेल्या मटारच्या चेंबरमध्ये मी हेच नोड (रेडिओसकट सेन्सरच्या डब्या), जवळपास तितक्याच लांबीच्या खोलीत, थप्प्यांच्या मागे ठेवून निवांत चालताना पाहिलेत. त्यामुळे कोणी 'आमच्या फ्रोझनच्या साइटवर तर हेच मॉडेल मस्त चालतं' असं सांगितलं तर तो खोटं बोलत नसतो. त्याचा माल वेगळा आहे, एवढंच.

आता रिकाम्या खोलीतली चाचणी का फसवते ते बघा. रिकामा पत्र्याचा डबा म्हणजे रेडिओसाठी घुमणारा देवळाचा गाभाराच. एकदा बोललेलं भिंतीवरून भिंतीवर आपटत राहतं, अंतराने सिग्नल फारसा कमी होत नाही. कोपऱ्यातला सेन्सरही मध्यावरच्याइतकाच ऐकू येतो. दार उघडं असेल तर ही सगळी साठलेली ऊर्जा दारातून बाहेर पडते आणि ऑफिसपर्यंत दणदणीत पोहोचते. द्राक्षं भरली की थेट वाट बंद होते आणि घुमणंही बरंच कमी होतं, कारण प्रत्येक उसळीला लहर पाण्यावर आपटते. रिकाम्या खोलीत मोजलेला आकडा म्हणूनच मी आता लिहूनसुद्धा ठेवत नाही.

तिसरं ठिकाण जरा फसवं आहे आणि त्याला मी थोडा जास्त वेळ देणार आहे, कारण रिपोर्टमध्ये ते कधी दिसत नाही.

सेन्सरपासून निघालेली लहर रिसीव्हरकडे एका वाटेने येत नाही. एक सरळ येते, एक छतावरून, एक इव्हॅपोरेटरच्या पंख्याच्या जाळीवरून, एक फरशीवरून. सगळ्या वेगवेगळं अंतर चालून येतात. कुठे त्यांची बेरीज होते, कुठे एक दुसरीला खोडते. जास्तीत जास्त सिग्नलच्या जागेपासून पार बुडालेल्या जागेपर्यंतचं अंतर २.४ वर केवळ तीन-चार सेंटिमीटर असू शकतं. स्वतः करून बघा. काठीच्या टोकाला नोड बांधा, दर सेकंदाला पॅकेट पाठवायला लावा, आणि काठी एका रेषेत हळूहळू, एकेक बोट पुढे सरकवा. माझ्या एका वहीत अर्ध्या मीटरच्या आतले आकडे असे आहेत: उणे ६२, ६७, ७१, ८८, ७४, ६५. त्या ८८ च्या जागेवर खोलीतलं काहीही बिघडलेलं नव्हतं. दोन बोटं बाजूला सगळं ठीक होतं. पण तुम्ही केबल टायने नोड नेमका तिथे बांधलात तर हंगामभर तोच नोड 'खराब' ठरतो. मग तो बदलला जातो, नवा नोड दोन बोटं इकडेतिकडे बसतो, चालतो, आणि जुना नोड उगाच वॉरंटीत परत जातो.

मोबाइलवर बोलताना हीच गोष्ट होते, पण आपण हलत असतो, त्यामुळे खड्डा क्षणात मागे पडतो. कोल्ड रूममध्ये रात्री काहीच हलत नाही. सेन्सर खड्ड्यात असेल तर रात्रभर खड्ड्यातच राहतो. सकाळी कामगार हँड पॅलेट ट्रक घेऊन आत शिरले, दोन पॅलेट हलले, की लहरींचा सगळा नकाशा बदलतो आणि तो नोड अचानक बोलायला लागतो. दुसराच एखादा गप्प होतो. 'रात्री बंद, दिवसा चालू' अशी तक्रार असेल तर बॅटरीच्या आधी मला याचा संशय येतो.

किती शिल्लक ठेवायची? थेट वाट नसताना सिग्नल सरासरीपेक्षा १० डेसिबल खाली असण्याची शक्यता सुमारे दहा टक्के, २० डेसिबल खाली असण्याची सुमारे एक टक्का. म्हणजे नोड नशिबावर न सोडता शंभरातल्या ९९ जागी चालावा असं वाटत असेल तर निव्वळ या खड्ड्यांसाठी २० डेसिबल बाजूला काढावे लागतात. तुमचे २५ डेसिबल पत्र्याला आणि पाण्याला पुरलेच नव्हते, तर यासाठी काय उरणार.

आता दहापट पॉवरकडे येऊ. दहापट म्हणजे १० डेसिबल. मोकळ्या जागेत तेवढ्याने अंतर तिप्पट होतं. पण आत, थप्प्यांमधून, सिग्नल अंतराच्या वर्गाने उतरत नाही, तिसऱ्या-चौथ्या घातानेही उतरू शकतो. चौथ्या घाताने उतरत असेल तर १० डेसिबलमध्ये अंतर पावणेदोन-एकपट वाढतं. म्हणजे दहा मीटरवर दम तोडणारा नोड अठरा मीटरपर्यंत जाईल. त्यासाठी बॅटरीचा बळी जाईल. शिवाय सेन्सर जोरात बोलला तरी गेटवेकडून परत येणारी पोच तेवढ्याच जुन्या जोराने येते. पोच ऐकू आली नाही की सेन्सर तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, आणि बॅटरी त्यातच संपते.

माझा उपाय यापेक्षा कंटाळवाणा आहे. रिसीव्हर आत न्या.

प्रत्येक चेंबरमध्ये एक छोटा रिसीव्हर बसवा. त्याला वीज हवी, ती इव्हॅपोरेटरसाठी आत आलेलीच असते, इलेक्ट्रिशियनकडून वेगळी लाइन काढून घ्या. तिथून बाहेर डेटा वायरने आणा, आरएस-४८५ किंवा इथरनेट, जे तुमच्या माणसाला जमतं ते. पत्र्याला ओलांडायचं काम वायरने करायचं आणि रेडिओने फक्त खोलीतल्या खोलीत बोलायचं. सहा रिसीव्हरचा खर्च २४ नवीन सेन्सरच्या खर्चापेक्षा बहुतेक वेळा कमीच पडतो. रिसीव्हर बाहेर ठेवून फक्त अँटेना आत न्यायचीही काही जणांना हौस असते. चालतं, पण केबल बघून घ्या. स्वस्त आरजी-५८ केबल २.४ वर मीटरमागे सुमारे एक डेसिबल खाते. दहा मीटर केबल टाकलीत की विकत घेतलेली जादा पॉवर केबलमध्येच गेली. भोक सिलिकॉनने आणि फोमने नीट बुजवा, नाहीतर तिथे घाम येऊन पॅनल आतून कुजतं आणि रेफ्रिजरेशनवाला तुम्हाला शोधत येतो.

मेश नेटवर्क का नाही, असा पुढचा प्रश्न येईलच. मेश म्हणजे एका नोडचं पॅकेट दुसऱ्या नोडने पुढे पोहोचवायचं. साध्या मेशमध्ये मधला नोड दुसऱ्याचं ऐकण्यासाठी सतत जागा राहतो. बॅटरीवर ते आठवडाभरही नीट होत नाही. त्याला वीज द्यायचीच असेल तर मग त्याला रिसीव्हरच का करू नये?

रिसीव्हर आत कुठे बसवायचा याचं उत्तर रेफ्रिजरेशनच्या पुस्तकातच आहे. थंड हवा फिरावी म्हणून थप्पी आणि छत यांच्यामध्ये तुम्ही मोकळी जागा ठेवता. ती हवेची वाट तीच सिग्नलची वाट. खोली १२ मीटर लांब असेल तर दोन टोकांच्या मध्यावर लहरीला सरळ रेषेभोवती सगळ्या बाजूंना साधारण ६० सेंटिमीटर मोकळी जागा लागते, त्यातली निम्म्याहून थोडी जास्त मोकळी असली तरी भागतं. म्हणून रिसीव्हर आणि सेन्सर दोन्ही त्या मोकळ्या पट्ट्यात आणा. थप्पी उंच रचून हवेची वाट अडवली की मालही नीट थंड होत नाही आणि सिग्नलही तुटतो. एका सुपरवायझरने मला सांगितलं होतं की कुठला नोड गप्प झाला हे बघून त्यांना कुठे थप्पी जास्त चढलीय ते कळतं. मी ते फुकटचं फीचर म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं.

पण तापमान तर पेटीतलं हवं, छताजवळचं नको, हे बरोबर आहे. त्यासाठी सेन्सरचा रेडिओ आणि प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, वेगळे करा. तीन-चार मीटरची प्रोबची वायर पेटीत सोडा आणि रेडिओची डबी वर, मोकळ्या हवेत. प्रोब पाण्यात बुडाला तरी त्याला फरक पडत नाही. हा एकच बदल केलेल्या साइटवर मला बाकी काही करावंच लागलं नाही, असं दोनदा झालंय.

डबी बांधताना लोखंडी रॅकच्या खांबाला चिकटवू नका. बोर्डवरच्या चिमुकल्या अँटेनाला मागे पत्रा लागला की तिची फ्रिक्वेन्सीच सरकते आणि निघालेल्या लहरीला पत्र्यावरून आलेलं तिचं उलटं प्रतिबिंब खोडतं. किमान तीन सेंटिमीटर अंतर हवं. मी पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून मध्ये घालतो. रिसीव्हरची काडी-अँटेना छतातून सरळ खाली लोंबत असेल तर तिच्या बरोबर खालच्या नोडला ती नीट ऐकत नाही, काडीच्या टोकाच्या दिशेने तिचं लक्ष नसतं. म्हणून रिसीव्हर खोलीच्या मध्यावर लावण्यापेक्षा एका आखूड भिंतीजवळ लावलेला बरा. डीफ्रॉस्टच्या वेळी इव्हॅपोरेटरमधून ओल येते, त्याच्या तोंडासमोर डबी नको. डबीवर बर्फ साचला तर चालतं, पण पाण्याचा पातळ थर अँटेनावर बसला की तासभर आकडे घसरतात.

खड्ड्यांचा उपाय चॅनेल बदलण्यात आहे. या जातीच्या रेडिओला २४०५ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये ११ ते २६ अशा क्रमांकांचे १६ चॅनेल असतात, पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने. घुमणाऱ्या खोलीत चॅनेल बदलला की लहरींची बेरीज-वजाबाकी बदलते, आणि ११ वर बुडालेला नोड २० वर व्यवस्थित ऐकू येतो. म्हणून दर पॅकेटला चॅनेल बदलणारी पद्धत कारखान्यांसाठी २०१२ मध्ये मानकातच घातली गेली. तुमच्या सेन्सरमध्ये ती सोय असेल तर चालू करा. नसेल आणि एकच चॅनेल निवडायचा असेल, तर ऑफिसचा वायफाय १, ६, ११ वर आहे असं धरून त्यांच्या मधले १५, २० किंवा त्यांच्या पलीकडचे २५, २६ घ्या. २६ निवडण्याआधी मॉड्यूलची माहिती वाचा, बऱ्याच मॉड्यूलमध्ये त्या चॅनेलवर पॉवर मुद्दाम कमी ठेवलेली असते. कँटीनमधला मायक्रोवेव्हही बघून घ्या. तो चालू असताना ५० हर्ट्झच्या प्रत्येक फेऱ्यातला साधारण निम्मा वेळ गोंगाट करतो. पोच न मिळाल्यास काही मिलिसेकंदांनी पुन्हा पाठवणारा नोड त्यातून निभावून जातो.

२.४ सोडून ८६५ मेगाहर्ट्झवर जावं का? तुम्ही ते विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. भारतात ८६५ ते ८६८ हा पट्टा ठरलेल्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो, उपकरणाला मात्र डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या रेडिओ परवान्यांच्या शाखेची) मान्यता हवी, ती मागून बघा. आयात केलेली ९१५ ची अमेरिकन मॉडेलं इथे चालत नाहीत, स्वस्त मिळाली तरी. ८६५ वर तेवढ्याच अंतरात सुमारे ९ डेसिबल जास्त हाती येतात. हवा २.४ ला जास्त खाते म्हणून नव्हे. लांब लहरीची अँटेना मोठी असते आणि ती हवेतून जास्त ऊर्जा गोळा करते, एवढंच त्यामागे आहे. पाण्यात ती कितीतरी खोल शिरते आणि थप्पीच्या कडेवरून जास्त वळते. द्राक्षांसाठी मला ८६५ आवडतं. पण पत्रा तिलाही पत्राच. दाराबाहेर गेटवे ठेवून लोरा (लांब पल्ल्याची, संथ वेगाची रेडिओ पद्धत) लावून बघणारे अनेक जण आहेत, आणि लोरा खरंच फार क्षीण सिग्नल ऐकतं, उणे १३० च्याही खाली. त्यासाठी ते सगळ्यात संथ वेगाने बोलतं तेव्हा एक छोटं पॅकेट हवेत सेकंदाहून जास्त वेळ राहतं. जे काम २.४ चा नोड एक-दोन मिलिसेकंदांत उरकतो त्याला हजारपट वेळ. रिसीव्हर आत असेल तर लोराचा सगळ्यात वेगवान स्तरही पुरतो आणि बॅटरी टिकते.

बॅटरीचं थोडक्यात: नाण्याच्या आकाराचा सेल थंडीत अडखळतो. एरवी व्होल्टेज ठीक दिसतं, पण पॅकेट पाठवताना झटकन करंट ओढला की ते कोसळतं आणि नोड रीसेट होतो. प्रत्येक पॅकेटमध्ये पाठवण्याच्या क्षणाचं व्होल्टेज आणि अनुक्रमांक घाला. अनुक्रमांक पुन्हा शून्यापासून सुरू झालेला दिसला तर दोष रेडिओचा नाही, सेलचा आहे.

तो अनुक्रमांक आणखी एका कारणासाठी हवा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आरएसएसआयची सरासरी उणे ७८ दिसते, म्हणजे सिग्नल ठीक आहे, असं तुम्ही लिहिलंत. ती सरासरी फक्त पोहोचलेल्या पॅकेटांची आहे. जी हरवली त्यांचा आरएसएसआय कोणी मोजलाच नाही. गुरुजींनी वर्गात 'जे आले नाहीत त्यांनी हात वर करा' म्हणावं तसं झालं. अनुक्रमांकातल्या गाळलेल्या जागा मोजा, खरं नुकसान तिथे दिसेल. आणि सरासरी बघूच नका, सगळ्यात वाईट पाच टक्के पॅकेट बघा. स्टॅनफर्डमधल्या कन्नन श्रीनिवासन आणि फिलिप लेव्हिस यांनी २००६ मध्ये त्या काळच्या एका लोकप्रिय चिपवर मोजून दाखवलं होतं की उणे ८७ च्या वर असलेला दुवा किमान ८५ टक्के पॅकेट पोहोचवतो, आणि त्याखाली काय होईल ते सांगता येत नाही. चिप बदलल्या तरी ही धारेवरची जागा असतेच. दोन डेसिबल वर असलं तर सगळं सुरळीत, दोन डेसिबल खाली गेलं तर अंधार. मी वाईट पाच टक्के उणे ८० च्या वर येईपर्यंत साइट सोडत नाही.

माझ्या त्या गोठलेल्या मण्यांच्या प्रकरणानंतर एक नियम मी कंत्राटातच लिहितो: नोडने मोजलेलं प्रत्येक तापमान वेळेसकट स्वतःजवळ साठवायचं आणि पोच मिळेपर्यंत पुसायचं नाही. दिवसभराचे एक-एक मिनिटाचे आकडे काही किलोबाइटमध्ये मावतात. सिग्नल तुटला तरी ग्राफ उशिरा का होईना पूर्ण येतो, आणि ऑपरेटर फक्त उघड्या दाराचं तापमान बघून काटा खाली ओढत नाही. तुमच्या सेन्सरला ही सोय आहे का ते विकणाऱ्याला आजच विचारा. नसेल तर मी ते सेन्सर बदलेन, पॉवरसाठी नव्हे, यासाठी.

या आठवड्यात नवीन काही विकत न घेता एवढं करता येईल. सगळ्यात जास्त गप्प राहणाऱ्या चेंबरमध्ये तुमचाच गेटवे एक रात्र आत नेऊन ठेवा, माल भरलेला असताना, दार बंद करून, छताखालच्या मोकळ्या पट्ट्यात, पत्र्यापासून हातभर दूर. चारपैकी दोन नोड आहेत तिथेच राहू द्या, दोन वर उचलून बांधा आणि त्यांच्या डब्या कुठे बांधल्या ते खडूने पॅनलवर लिहून ठेवा. सकाळी दार उघडलं की लॉगची कॉपी काढा आणि त्यातले दार उघडण्यापूर्वीचेच आकडे धरा. चारही नोडचे गाळलेले अनुक्रमांक आणि वाईट पाच टक्क्यांचे आकडे पाठवलेत तर प्रत्येक चेंबरला एक रिसीव्हर पुरेल की दोन लागतील ते सांगतो.